हृदयासाठी चालायचं कसं: दमाच्या मापाने बारा आठवडे

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी तपासायला घेतल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर काम करायचे, साधारण एकाच थरातून आलेले असायचे. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीचा जवळपास सगळा वेळ बसून असायचा आणि कंडक्टर दिवसभरात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झालाच तर उशिरा होत होता आणि त्यातून लगेच दगावण्याचं प्रमाणही कमी होतं. ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, अशी शंका पुढे आली तेव्हा मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची कमरेची मापं काढली. ड्रायव्हरांचे घेर खरोखरच मोठे निघाले. तरीही बारीक, मध्यम, जाड अशा प्रत्येक गटात कंडक्टरांनाच धोका कमी होता.

ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडे व्यायाम म्हटलं की नजर आधी वजनकाट्यावर जाते. दोन महिने चालून काटा हलला नाही की चालणं बंद पडतं. पण हृदयाला जो फायदा होतो तो बराचसा काट्यावर दिसतच नाही. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, नाडीत, रक्तदाबात आणि साखरेत होत असतो, वजन तेवढंच राहिलं तरी.

आपण दिरंगाई करू नये याला कारणही आहे. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचं मध्यक वय (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर) ५३ निघालं. इतर देशांत ते ५९ च्या आसपास होतं. घरात मुलांची शिक्षणं चालू, कर्जाचे हप्ते चालू, आणि त्याच वयात हे घडतं.

पुढचा क्रम पस्तिशी ते पासष्टीच्या, दिवसाचा बराच वेळ बसून काढणाऱ्या माणसासाठी आहे. त्याला लागतात चांगले बूट, सपाट रस्ता आणि दमाचं माप. संथ चालणाऱ्या आणि अचानक जोर करणाऱ्या, दोघांच्याही हातून हेच माप सुटलेलं असतं.

आत नेमकं काय घडतं

झपझप चालायला लागलं की पायांच्या मोठ्या स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो आणि हृदय दर मिनिटाला जास्त रक्त पुढे ढकलतं. वेगाने जाणारं रक्त धमनीच्या आतल्या अस्तराला घासत जातं. हे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. त्या घर्षणामुळे या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. त्याने धमनीच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात, धमनी रुंदावते आणि प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्ती घटते. धमनीत कोलेस्टेरॉलचे थर साचायला सुरुवात होते ती या अस्तराचं काम बिघडल्यावर. म्हणून झपझप चालण्याचं प्रत्येक सत्र म्हणजे त्या अस्तराची देखभाल आहे. पाय ओढत चाललं तर रक्ताचा वेग फारसा वाढत नाही, त्यामुळे हा परिणामही तितका होत नाही.

दुसरा परिणाम रक्तदाबावर. एकदा चालून आल्यावर पुढचे काही तास दाब थोडा खाली राहतो. बीपीचा त्रास असलेल्या माणसाने नियमित एरोबिक व्यायाम केला तर वरचा आकडा सरासरी ५ ते ८ अंकांनी उतरतो. तिसरा साखरेवर. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची वाट न पाहता आत ओढतो, आणि त्यानंतर एक-दोन दिवस तो इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देतो. हा परिणाम साठवून ठेवता येत नाही. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, असं मधुमेहींना सांगतात.

काही आठवड्यांत रक्ताचा द्रवभाग वाढतो, डाव्या कप्प्यात रक्त जास्त भरतं आणि हृदय एका ठोक्यात पूर्वीपेक्षा जास्त रक्त बाहेर टाकतं. तेवढंच काम कमी ठोक्यांत होऊ लागतं. सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी ८४ वरून हळूहळू सत्तरीत आली, तर ती याची खूण. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, उतरतात, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र चालण्याने फारसं कमी होत नाही. चालायला लागलो म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका. गोळी एक काम करते, चालणं दुसरं.

पहिली पायरी: निघण्याआधीची तपासणी

धडधाकट माणसाला संथ चालायला सुरुवात करण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पण पुढच्यापैकी काही लागू असेल तर आधी डॉक्टरांकडे जा: चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं होतं आणि थांबलं की ओसरतं, थोड्या श्रमात नेहमीपेक्षा जास्त धाप लागते, चक्कर किंवा भोवळ येऊन गेली आहे, छातीत अनियमित धडधड होते, पायांवर सूज येते, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आधीपासून आहे, किंवा वडील, भाऊ पंचावन्नच्या आत अथवा आई, बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली आहे. बीपी १८०/११० च्या आसपास असेल तर आधी औषधाने तो खाली आणायचा, मग चालायचं.

यातली पहिली तक्रार मी मुद्दाम सर्वांत वर ठेवली आहे. चढावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं ‘पित्त’ हे पित्त नसण्याची शक्यता मोठी असते. त्यावर अँटासिड घेऊन चालत राहू नका.

एका वहीत चार आकडे लिहून ठेवा: झोपेतून उठल्यावरची नाडी, पाच मिनिटं शांत बसून मोजलेला रक्तदाब, बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर, आणि उपाशीपोटीची साखर. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. वजन लिहायचं तर लिहा, पण शेवटी.

दुसरी पायरी: दमाचं माप शिकून घ्या

चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यं बोलता येतात, पण गाणं म्हणायला गेलं तर ओळ मध्येच तुटते, हा मध्यम जोर. हृदयाचं बहुतेक काम इथेच होतं. आरामात गाता येत असेल तर वेग कमी आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जोराचा व्यायाम झाला, आणि पहिल्या दोन महिन्यांत तो नको.

एकटे असाल तर मनातल्या मनात नको, खरोखर मोठ्याने म्हणून पाहा. हरिपाठाचा अभंग पाठ असेल तर उत्तमच: साध्या बोलण्याच्या लयीत म्हणता आला पाहिजे, चालीवर ताना घेत म्हणता येऊ नये.

दुसरं माप पावलांचं. सपाट रस्त्यावर मिनिटाला साधारण १०० पावलं म्हणजे बहुतेक प्रौढांसाठी मध्यम जोर सुरू झाला. घड्याळ लावून १५ सेकंद पावलं मोजा. २५ भरली पाहिजेत. पहिल्यांदा मोजल्यावर बहुतेकांना आपण किती सावकाश चालतो हे कळतं. रोज पाऊण तास बागेत जाणाऱ्या माणसाचाही यातला मोठा वेळ मिनिटाला ऐंशी पावलांच्या गप्पांमध्ये जातो. त्या गप्पा मनासाठी चांगल्या आहेत, माणसं जोडलेली राहतात, त्या सोडू नका. पण त्याआधी वीस-तीस मिनिटं पाय उचलून चाला आणि मग कट्ट्यावर बसा.

तिसरं माप नाडीचं. २२० मधून वय वजा केलं की कमाल ठोक्यांचा अंदाज मिळतो. मध्यम जोर म्हणजे त्याच्या ६४ ते ७६ टक्के. पन्नाशीच्या माणसासाठी १७० चे ६४ ते ७६ टक्के, म्हणजे १०९ ते १२९. पण हा निव्वळ अंदाज आहे. प्रत्यक्षात दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सामान्य आहे. शिवाय मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल यांसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधाने रोखलेली असते. त्यांनी हा आकडा गाठायच्या मागे लागूच नये, जास्त जोर होऊन बसेल. मनगटावरच्या घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी भरवशाची आहे, गोळ्या घेणाऱ्यांसाठी तर नक्कीच.

तिसरी पायरी: बारा आठवडे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेलं उद्दिष्ट आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराच्या किंवा ७५ ते १५० मिनिटं जास्त जोराच्या हालचालीचं आहे. पहिल्या दिवशी ते गाठायचं नाही. धमन्या आणि फुप्फुसं लवकर जुळवून घेतात. टाच, पोटरी, गुडघा इथल्या कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) आणि सांध्यांना वेळ लागतो. बहुतेकांचं चालणं मोडतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टाच दुखायला लागली म्हणून, हृदयामुळे नव्हे.

आठवड्यातले पाच दिवस धरा. प्रत्येक दिवशी आधी पाच मिनिटं संथ, मग झपझप, मग पुन्हा पाच मिनिटं संथ.

पहिला-दुसरा आठवडा: झपझप १० मिनिटं.
तिसरा-चौथा: १५ मिनिटं.
पाचवा-सहावा: २० मिनिटं.
सातवा-आठवा: २५ मिनिटं.
नववा-दहावा: ३० मिनिटं. इथे आठवड्याचे १५० पूर्ण होतात.
अकरावा-बारावा: मिनिटं तेवढीच, पण दोन दिवस वाटेत चढ घ्या किंवा दोन-दोन मिनिटांचे चार वेगवान टप्पे घाला.

एखादा टप्पा जड गेला तर तोच आणखी एक आठवडा करा. बारा आठवड्यांचे सोळा झाले तरी काही बिघडत नाही. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: आधी मिनिटं, मग वेग, मग चढ.

शेवटची पाच संथ मिनिटं लोक हमखास गाळतात. गेटपाशी आले की थांबतात, गाडीवर बसतात आणि निघून जातात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला पायातलं रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की रक्तवाहिन्या रुंदावलेल्याच राहतात आणि पोटऱ्यांचा पंप बंद पडतो. रक्त पायात उतरतं, दाब घसरतो, गरगरतं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे जास्त जाणवतं, आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही याच वेळी वाढतो. वेळ कमी असेल तर झपझप चालण्यातली मिनिटं कमी करा, ही पाच नको.

आठवड्यातून दोन दिवस स्नायूंसाठी ठेवा: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुशअप, चवड्यांवर उभं राहणं. गुडघ्यांचं दुखणं लांब ठेवायला हे कामी येतं.

आषाढी वारीला पायी जाणाऱ्यांना हाच क्रम छान बसतो. अधिक महिना नसेल तर गुढीपाडव्यापासून माउलींच्या पालखीच्या प्रस्थानापर्यंत जवळपास बारा आठवडे मिळतात. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, तेही पिशवी खांद्यावर घेऊन. वर्षभर दुकानात बसून एकदम दिंडीत उतरण्यापेक्षा पाडव्याला सुरुवात केलेली बरी. शेवटच्या तीन आठवड्यांत रविवारी दोन-अडीच तासांची एक लांब चाल घाला, त्याच चपला-बुटांत, ज्यांत वारी करणार आहात.

चढ आणि जोर: कोणी, केव्हा

तीन महिने झाले, दम आटोक्यात आला, तक्रार काही नाही, तर पुढे जायला हरकत नाही. जोराच्या व्यायामाने हृदयाची क्षमता लवकर वाढते. आपल्याकडे त्यासाठी जागाही आहेत: पुण्यात पर्वती, वेताळ टेकडी, तळजाई, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट, मुंबईत टेकडी नसेल तिथे रेल्वेचे पूल आणि इमारतीचे जिने. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये डॉ. उलरिक विस्लॉफ यांच्या गटाने चार-चार मिनिटांची पद्धत अभ्यासली आहे: चार मिनिटं धाप लागेल इतका जोर, तीन मिनिटं संथ, असं चार वेळा. चढाच्या रस्त्यावर ती सहज जमते. चाळिशीपुढच्या माणसाने, त्यातही बीपी-शुगर असेल तर, आधी डॉक्टरांना विचारून गरज असल्यास स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) करून घ्यावी आणि आठवड्यातून एकदाच सुरू करावं.

जोराबद्दल एक आकडा कायम लक्षात ठेवावा असा आहे. १९९३ साली अमेरिकेत झटका आलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जड श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवीच्या तुलनेत किती वाढतो, हे त्यात मोजलं होतं. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो सुमारे अडीच पट वाढला. आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांत शंभर पटींहून जास्त. एरवीचा तासागणिक धोका फार लहान असतो, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण पावसाळ्यातल्या रविवारी वर्षभर खुर्चीत बसलेला गट थेट हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाई चढायला निघतो, मैत्रीखातर कोणी मॅरेथॉनला नाव घालतो, कंपनीच्या क्रिकेट स्पर्धेत पन्नाशीचा माणूस तीन धावा पळतो, तेव्हा हा आकडा लागू होतो. ट्रेक करायचाच, जरूर करायचा. त्याआधी ते तीन महिने घालवायचे.

ज्यांना सलग वेळच मिळत नाही

पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी केलेला व्यायाम मोजत नसत. २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढली आहे. दादर स्टेशनवर सरकत्या जिन्याऐवजी पूल चढणं, बस एक थांबा आधी सोडणं, मुलाला क्लासला सोडल्यावर तो सुटेपर्यंत गाडीत न बसता चकरा मारणं, हे सगळं जमेत धरायचं. अट एकच, दम वाढला पाहिजे.

घरकामाबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. ‘दिवसभर उभीच असते, आणखी कसला व्यायाम,’ असं बायका म्हणतात. त्यांचा थकवा अगदी खरा असतो. विहिरीवरून पाणी वाहणारी किंवा शेतात राबणारी बाई १५० मिनिटं आठवड्यात सहज पार करते. पण शहरी स्वयंपाकघरातलं बरंचसं काम उभं राहून, हातांनी आणि तुकड्यातुकड्यांत होतं. त्यात पाय दुखतात, कंबर दुखते, पण ठोके फारसे वाढत नाहीत. पाळी गेल्यावर स्त्रियांचा हृदयविकाराचा धोका वाढतो आणि त्याच वयात घरात सर्वांची जबाबदारी तिच्यावर असते. इथे उपाय एकट्या तिच्या निर्धाराने होत नाही. सकाळचा चहा आणि डबा दुसऱ्या कोणी केला तरच तिची तीस मिनिटं निघतात. या घरातल्या पुरुषांनी हा परिच्छेद स्वतःसाठी लिहिला आहे असं समजावं. पहाटे अंधारात एकटीने बाहेर पडणं सुरक्षित वाटत नसेल तर शेजारणीला सोबत घ्या, किंवा संध्याकाळी सोसायटीच्या आवारातच चाला. साडीवर चालायला काही हरकत नाही, पण सपातांवर नको. टाच धरून ठेवणारे बूट हवेत.

गुडघे झिजले असतील तर जागेवरची सायकल किंवा पोहणं निवडा. मिनिटांचं गणित आणि दमाचं माप तेच.

ऊन, पाऊस आणि धूर

चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तिथे सूर्योदयाआधी किंवा घरात, दुसरा पर्याय नाही. किनाऱ्यावर पारा कमी दिसतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. रत्नागिरीत किंवा पणजीत एप्रिल-मेमध्ये वेग कमी करून दमाचं माप तेच ठेवा. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात चक्कर, पायात गोळे याकडे लक्ष ठेवावं आणि पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. हृदय कमजोर असलेल्यांना भरपूर पाणी प्यायचा सल्ला लागू पडत नाही.

पावसाळ्यात घरातल्या घरात जागेवर पावलं टाका, गुडघे थोडे वर उचलून, मिनिटाला शंभर. टीव्हीवरच्या बातम्या होईपर्यंत वीस मिनिटं सहज होतात. हिवाळ्यात मुंबई-पुण्याच्या मोठ्या रस्त्यांवर सकाळी धूर खाली बसलेला असतो. मुख्य रस्ता सोडून आतली गल्ली, मैदान, टेकडी निवडा, आणि हवा फारच वाईट असेल त्या दिवशी घरात.

मधुमेह असेल तर

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर चालण्याआधी साखर मोजा. ९० च्या खाली असेल तर केळं किंवा दोन बिस्किटं खाऊन मग निघा. खिशात ग्लुकोज, साखर काहीतरी हवंच. हातपाय थरथरणं, घाम सुटणं, गोंधळल्यासारखं होणं ही साखर उतरल्याची लक्षणं. लगेच थांबून गोड खा. साखर ३०० च्या वर असेल आणि बरंही वाटत नसेल तर त्या दिवशी चालू नका. घरी आल्यावर मोजे काढून तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहा. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही.

थांबायचं केव्हा

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखं, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणं, थंड घाम, अचानक धाप, उलटीची भावना: यातलं काहीही आलं की तिथेच थांबा आणि बसा. पाच मिनिटांत ओसरलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओसरलं नाही तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत न दुखता नुसता घाम, कमालीचा थकवा किंवा धाप एवढंच दिसू शकतं.

आपल्या घरांमध्ये पहिला तास ‘गॅस झाला असेल’ या वाक्यात जातो. ओवा, सोडा, पाठ चोळणं, आणि मग सकाळी बघू. बंद पडलेल्या धमनीमागचा हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो, आणि एकदा मेलेला स्नायू परत येत नाही. ईसीजी काढून गॅसच निघाला तर आनंदाने घरी या.

बरोबरचा माणूस कोसळला, हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, तर दुसऱ्याला १०८ लावायला सांगून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. सकाळी एकत्र चालणाऱ्या प्रत्येक गटाने हे एकदा शिकून घ्यावं.

अँजिओप्लास्टी, बायपास झाल्यावर

स्टेंट बसला की घरचे माणसाला पलंगावर बसवून ठेवतात. भीती समजण्यासारखी आहे, पण विश्रांतीनेच क्षमता घटत जाते. व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. रुग्णालयातून निघताना हा प्रश्न स्वतःहून विचारा: ‘पुनर्वसनाची सोय कुठे आहे, आणि मी किती मिनिटं, किती जोराने चालू?’ उत्तर कागदावर लिहून घ्या. बायपासनंतर चालणं वॉर्डातच सुरू करतात. छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे दोन ते तीन महिने, जड उचलणं आणि ढकलणं मात्र टाळायचं असतं.

प्रगती कशी मोजायची, खंड पडला तर काय

रोज दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या विक्रीबरोबर आला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलांनाच मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा स्थिरावला. तेव्हा दहा हजार झाली नाहीत म्हणून रात्री अकराला गॅलरीत चकरा मारायची गरज नाही.

दर महिन्याला तीन गोष्टी वहीत लिहा: सकाळची नाडी, बीपी, आणि एका ठरलेल्या वाटेला, उदाहरणार्थ रंकाळ्याच्या एका फेरीला किंवा शिवाजी पार्कच्या दोन फेऱ्यांना, त्याच दमात किती वेळ लागला. हा वेळ कमी होत गेला तर हृदयाची क्षमता वाढते आहे.

खंड सगळ्यांचाच पडतो. लग्नसराई, परीक्षा, डेंग्यू, बदली. खंडाने काय होतं याचा प्रयोग १९६६ साली डल्लासमध्ये झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. पन्नाशीत आलेल्या, वजन वाढलेल्या त्या माणसांची क्षमता वयाने जेवढी घटली होती, त्याहून ती तीन आठवड्यांच्या पलंगाने जास्त घटली होती. मग त्यांच्याकडून सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, धावणं, सायकल असं करून घेतलं. पाचही जणांची सरासरी तरुणपणीच्या, पलंगाआधीच्या पातळीला परत पोचली.

तेव्हा एक आठवड्याचा खंड असेल तर जिथे थांबलात तिथूनच चालू करा. दोन-तीन आठवडे गेले असतील तर वरच्या क्रमात दोन टप्पे मागे या. महिन्याहून जास्त असेल तर पहिल्या आठवड्यापासून. ताप, फ्लू, कोविड यांत अजिबात चालू नका, कारण विषाणूचा संसर्ग हृदयाच्या स्नायूपर्यंत गेलेला असू शकतो. ताप गेल्यावर औषधाशिवाय तीन-चार दिवस ठीक वाटू द्या. मग नेहमीच्या निम्म्या मिनिटांपासून सुरू करा, आणि छातीत धडधड किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली तर पुढे न जाता ईसीजी काढून घ्या.